उशिराचं कारण

सकाळी साडेसातला आमच्या जिन्याखालून खणखणीत आवाज यायचा, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." सकपाळकाकांना लाउडस्पीकरची गरज कधी पडली नाही. एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची उभी हयात गेलेली. निवृत्तीनंतर जाहीर करायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून ठाण्यात खोपटच्या आमच्या तीनमजली इमारतीत बाकड्यावर बसून ते पेपरातल्या बातम्या जाहीर करायचे. "शीळफाट्याची कोंडी कायमची फुटणार, ही बातमी फलाटावर लागलेली आहे. सुटण्याची वेळ निश्चित नाही." दूध घ्यायला खाली उतरलेली माणसं हसत हसत वर जायची.

त्यांच्याकडे हाताने रेघा मारलेलं एक लांबट रजिस्टर होतं. सरकारने काहीही जाहीर केलं की ते त्यात चढायचं. घोषणा झाली, फलाटाला लागली, सुटली, पोचली असे चार रकाने आणि पाचवा उशिराच्या कारणाचा. पहिला रकाना गच्च भरलेला. 'पोचली'चा इतका कोरा की काकूंनी एकदा त्यात किराण्याची यादी लिहिली होती. कारणं लिहिताना मात्र काका खुलायचे. कोलशेतच्या खाडीतून बोट सुटणार होती, तिच्यापुढे 'ओहोटी' एवढंच. शीळफाट्यापुढे 'उद्घाटनाचे पाहुणे कोंडीत'. नुसता बोर्ड लावला म्हणजे गाडी सुटली असं कुठलाही प्रवासी मानत नाही, मग तोच माणूस मतदार झाला की कसा मानतो, हा त्यांचा आवडता प्रश्न होता.

नव्या यंत्रांवरही त्यांची मतं तयार असत. बँकेत, पोस्टात, वीजबिलाच्या खिडकीवर कोणी 'सर्व्हर डाऊन' म्हटलं की काका विचारायचे, "आमच्याकडे ड्रायव्हर डाऊन असायचा. त्याला चहा पाजला की उठायचा. याला काय पाजता?" मुलीने दिलेल्या मोबाइलमध्ये विचाराल त्याचं उत्तर देणारा एक यंत्रमानव होता. काकांनी त्याला दोन दिवस प्रश्न विचारले आणि मग बंद केला. त्यांचं म्हणणं, आमच्या चौकशीच्या खिडकीवरच्या माणसाला उत्तर माहीत नसेल तर तो निदान खिडकी तरी लावून घ्यायचा. हा पठ्ठ्या कधी खिडकीच लावत नाही.

पण त्यांचं मुख्य गिऱ्हाईक मी होतो. बातम्यांच्या एका वेबसाइटला मथळे लावायची माझी नोकरी. 'मोठी बातमी', 'धक्कादायक', 'ठाणेकरांनो, हे वाचाच' हे सगळं माझ्या हातचं. एकदा मी 'ठाण्याचे पाणी तीन दिवस बंद?' असा मथळा लावला. संध्याकाळी घरी आलो तर आमच्याच इमारतीत पिंपं, बादल्या, प्रेशर कुकरसुद्धा काठोकाठ भरलेले, आणि वरच्या टाकीत खरोखरच पाणी नाही. काकांनी मला जिन्याखाली थांबवून अख्खी बातमी मोठ्याने वाचायला लावली. एका गल्लीतली पाइपलाइन काही तास बंद राहणार होती आणि ते तासही उलटून गेले होते. मी प्रश्नचिन्हाकडे बोट दाखवलं.

"अरे, तू बोर्ड रंगवणारा," काका म्हणाले. "गाडी आहे की नाही ते तुला कोण विचारतंय?"

मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. आम्हा सगळ्यांनाच यायचं. ज्यात त्यात फसवणूक शोधून तिची टर उडवण्यात एक सुख असतं, आणि काका ते आम्हाला रोज सकाळी फुकट पुरवायचे. त्यामुळे बाकड्यावर त्यांचा शब्द चाले. सर्वात जास्त चाले तो सुमनमावशींपाशी. त्या तळमजल्यावरच्या खोलीत एकट्या राहायच्या, तीन घरची भांडी घासायच्या आणि रेशनच्या गहू-तांदळावर महिना काढायच्या. वाचता येत नव्हतं, म्हणून कागद कुठलाही असो, तो आधी काकांना दाखवायच्या.

रेशनकार्डावरच्या प्रत्येकाने यंत्रावर अंगठा देऊन आपण हयात असल्याचं सिद्ध करायचं, नाहीतर नाव कमी होईल, असा नियम निघाला तेव्हा मावशी काकांकडेच आल्या. काकांनी रजिस्टर उघडून दाखवलं की याची मुदत याआधी तीनदा वाढली आहे. मग चौथ्यांदा बातमी आली. ती आमच्याच वेबसाइटवर होती, मथळा माझा होता. 'रेशनकार्ड आहे? आजच करा हे काम, नाहीतर पस्तावाल!' मावशींना कोणीतरी फोनवर ती वाचून दाखवली होती. त्या घाबऱ्या होऊन आल्या तेव्हा मी ऑफिसला निघालो होतो.

काकांनी मला हाक मारली. "ही तुझीच ना? आत वाचलीस का?"

"नाही हो काका," मी म्हणालो. "मजकूर दुसराच कोणी लिहितो. मी फक्त वरचं बघतो."

"ऐकलंत?" काका मावशींकडे वळले. "लिहिणाऱ्यानेच वाचलेली नाही. मुदत वाढणार. कामाचा खाडा करून रांगेत उभ्या राहू नका."

बाकड्यावरचे चारही जण हसले. मीही हसलो. मावशी कामावर गेल्या.

मुदत वाढली नाही. सरकारने आयुष्यात एकदा दिलेला शब्द पाळला आणि तोही नेमका तेव्हा. पुढच्या महिन्यात दुकानदाराने मावशींना परत पाठवलं, कार्डावर नाव नाही म्हणून. त्या सरळ बाकड्यापाशी आल्या. भांडल्या नाहीत. त्यांनी रिकामी पिशवी घडी करून हातात धरली होती.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्हाला हसायला येत होतं. मला तांदूळ लागत होता."

दुसऱ्या दिवशी साडेसातला जिन्याखाली कोणी काही जाहीर केलं नाही. बाकड्यावर कोणी नव्हतं. काका मावशींना घेऊन रेशन ऑफिसच्या रांगेत जाऊन उभे राहिले होते.

त्यानंतर दर मंगळवारी ते दोघं तिथे जायचे. भांडी घासून घासून मावशींच्या बोटांच्या रेषा गेलेल्या, यंत्र अंगठा घेईना. मग डोळा दाखवा म्हणाले, तर डोळ्यांत मोतीबिंदू. मग चेहरा, तर सर्व्हर डाऊन. पण या वेळी काकांनी चहाचा विनोद केला नाही. मी एकदा सोबत गेलो होतो. डेपो हलवून सोडणारा तो माणूस खिडकीपुढे हात जोडून, हळू आवाजात, "साहेब, या समोर उभ्या आहेत, हयात आहेत," असं सांगत होता. मला तिथे थांबवेना. मी बाहेर येऊन उभा राहिलो.

दर महिन्याला काका स्वतःच्या घरचे गहू-तांदूळ मावशींच्या दारात ठेवायचे. त्या घेईनात तेव्हा त्यांनी सांगितलं, "गाडी आमच्यामुळे चुकली तर प्रवाशाची सोय आम्हीच करायची असते. उपकार नाहीत, नियम आहे." असा नियम खरोखर होता की नाही, मला माहीत नाही. मावशींनी धान्य घेतलं.

नाव परत चढलं तेव्हा सात महिने उलटले होते. काकांनी पुन्हा बाकडं धरलं, पण आता ते बातमी आधी शेवटपर्यंत वाचायचे आणि मगच घसा साफ करायचे. गंमत थोडी कमी झाली. दोन-तीन श्रोते गळाले. मोबाइलवर त्यांना त्याहून चुरचुरीत काही मिळत असणार, त्यात माझेही मथळे असणारच. मला नोकरी सोडायची हिंमत झाली नाही. मी फक्त आतली बातमी वाचायला लागलो, आणि त्यामुळे माझं काम मंदावलं म्हणून साहेबांची बोलणी खाऊ लागलो.

काका गेल्या थंडीत गेले, दोन दिवसांच्या तापाने. मुलीने घर आवरताना रजिस्टर माझ्याकडे दिलं. म्हणाली, बाबा म्हणायचे, हे त्या बोर्डवाल्याला द्या. मी ते जिन्याखालच्या बाकड्यावर बसूनच उघडलं. बोट, कोंडी, पूल, सगळ्यांपुढची ती चटकदार कारणं वाचताना पुन्हा हसू येत होतं. मग ते पान आलं. ओळीत चारही रकाने भरलेले होते.

सुमन जाधव, रेशन. घोषणा झाली. फलाटाला लागली. सुटली. पोचली, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. आणि शेवटच्या रकान्यात, त्याच वळणदार अक्षरात: 'उशीर सात महिने. कारण: वाहतूक नियंत्रक.'

त्यांनी मला त्यात कुठेही धरलं नव्हतं. रकान्यात अजून जागा होती. मी खिशातलं पेन काढलं आणि पुढे लिहिलं, 'व बोर्ड रंगवणारा.'