चार तासांची मेणबत्ती

मेणबत्तीच्या कारखान्यात त्याला सगळे पदवीधर म्हणत. पदवी मात्र त्याला मिळालेली नव्हती. संध्याकाळच्या कॉलेजातले बाकी सगळे विषय त्याने कधीच काढले होते. एक संख्याशास्त्र तेवढं नाकी नऊ आणत होतं. दर परीक्षेला तो सूत्रं पाठ करून जाई, आणि कुठलं सूत्र कुठे लावायचं हे न कळल्यामुळे सगळीच लिहून येई.

यंदा निकड होती. म्हातारा सुपरवायझर घरी बसणार होता आणि मालकांनी साफ सांगितलं होतं, "जागा पदवीधराला. नुसत्या नावाच्या नाही, खऱ्या." गरम मेणाची किटली उचलून, साच्यांत ओतून ओतून ज्याचा खांदा कामातून गेलाय, त्याला त्या जागेची किंमत माहीत असते. ज्याने किटली कधी उचललीच नाही, त्याला सांगूनही ती कळायची नाही.

शिकवणाऱ्या मॅडम वयाने त्याच्या धाकट्या मेव्हणीएवढ्या. त्या म्हणाल्या, "आधी धरून चालायचं की दावा खरा आहे, वेगळं काही घडलेलंच नाही. ही शून्य परिकल्पना. मग नमुना घ्यायचा आणि बघायचं, ते धरणं टिकतं का."

"घरी भांडण झालं की दुसऱ्या दिवशी मीही असंच धरून चालतो," तो म्हणाला.

"मग टिकतं?"

"चहाच्या वेळेपर्यंत."

अर्धे मार्क प्रकल्पाला होते. कुठलाही एक दावा घ्यायचा आणि स्वतः मापं घेऊन तपासायचा. त्याला लांब जायची गरज नव्हती. त्यांच्या खोक्यावरच छापलेलं होतं: 'चार तास जळते.'

खोकी भरायच्या टेबलावर मावशी असायची. वयाने सगळ्यांत मोठी, त्यामुळे सगळ्यांचीच मावशी. "मावशी, चाळीस मेणबत्त्या दे," तो म्हणाला. "कॉलेजातल्या प्रयोगाला हव्यात. हाताला लागतील तशा दे."

"देते की. त्यात काय एवढं!"

घरी त्याने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, पत्र्यावर मेणबत्त्या मांडल्या आणि घड्याळ समोर ठेवून बसला. रोज कामावरून आलं की हेच. बायको म्हणाली, "दिवे असताना मेणबत्त्या, पंखा असताना घाम. यालाच शिक्षण म्हणतात का हो?" म्हणाली खरी, पण तो जेवायला उठला की त्याच्या जागेवर तीच डोळे लावून बसायची. एकाही ज्योतीची वेळ त्यांनी अंदाजाने लिहिली नाही.

मॅडमनी आकडे पाहिले आणि चष्मा काढला. "हे तुम्ही घरी बसून लिहिलंय."

"हो मॅडम. मेणबत्त्या घरीच जाळल्या."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "सगळ्याच्या सगळ्या चार तास आणि वर पाच-सात मिनिटं? इतकी सारखी तर जुळी भावंडंही नसतात. खरी मापं विखुरलेली असतात. परत करा. आठवडा देते."

त्याच्या शेजारच्या बाकावरच्या पोराने चाळीस माणसांच्या उंच्या कँटीनमध्ये बसून मनानेच लिहिल्या होत्या. त्याला शाबासकी मिळाली. लिहिताना त्याने विखुरणं आठवणीने घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो थेट मावशीच्या टेबलाशी गेला. "मावशी, हाताला लागतील तशाच दिल्या होत्यास ना?"

"वेडा की काय तू? कॉलेजात जायच्या म्हटल्यावर अशाच देईन? एकेक हातात तोलली, वात बघितली. हलकी लागली की बाजूला. चार लोकांत तुझं नाक कापलं जाऊ नये म्हणून अख्खी दुपार घालवली मी."

आता हिला काय बोलणार! तो गोदामात गेला, खोक्यांना नंबर घातले, चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी निघेल त्या खोक्यातून तशाच चिठ्ठीने एकेक करून चाळीस मेणबत्त्या उचलल्या. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. "सोडत काढतोस? माझ्यावर भरवसा नाही?"

"आहे ना. म्हणूनच काढतोय."

या खेपेला कुठली तीन तासांतच विझली, कुठली साडेतीनला, काही चारच्या पुढे गेल्या. सरासरी चारच्या बरीच खाली आली. त्याने गणित तीनदा केलं. शून्य परिकल्पना टिकत नव्हती. उत्तर स्वतःहून चालत त्याच्यापाशी आलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं.

मग त्याने त्याच खोक्यांतली आणखी एक हलकी मेणबत्ती सुरीने उभी चिरली. पोटात पोकळी होती. मेण घाईने ओतलं की अशी पोकळी राहते. ओतणारा कोण, हे कुणाला विचारायला नको होतं.

पोकळीचं पान त्याला गाळता आलं असतं. त्याने गाळलं नाही. मावशीने वेचलेल्यांचे आकडे, चिठ्ठीने काढलेल्यांचे आकडे, दोन्हींमधला फरक, पोकळीचं कारण, सगळं लिहिलं. इतकी जाळपोळ करून अर्धंच लिहायचं तर घाम कशाला गाळला?

जिथून माल घेतला तिथली सही लागत होती; तिला दहा मार्क होते. मालकांनी सगळं वाचलं. "हे पाच टक्के काय आहे?"

"दावा खरा असला तरी आपण तो चुकून खोटा ठरवू, याची शक्यता पाच टक्के धरलीय."

"मग झालं तर! आपला दावा त्या पाच टक्क्यांतला."

"तसं नसतं, मालक."

"मग सहीपण नसते. आणि हे साच्यावर कोण असतं?"

"मीच असतो."

"हं," मालक म्हणाले आणि कागद परत न देता टेबलाच्या खणात टाकले. त्याने घरी बसून कच्च्या वहीवरून दुसरी प्रत हाताने उतरवून काढली आणि सहीविना दिली. मॅडमनी नियमाप्रमाणे दहा मार्क कापले आणि समासात लिहिलं, 'आता विश्वास बसला.' पेपरात त्याने एकच सूत्र लिहिलं, जिथे हवं तिथे. काठावर का होईना, पास झाला. बायकोने निकाल दोनदा वाचून घेतला.

पहिल्या तारखेला मालकांनी सगळ्यांना गोळा केलं आणि नवीन सुपरवायझर म्हणून मावशीचं नाव घेतलं.

"मालक, पदवीची अट होती ना?" त्याने विचारलं.

"होती. काढली." मालकांनी खणातले कागद वर केले. "हिने वेचलेल्या सगळ्या चार तास जळतात. तू ओतलेल्या जळत नाहीत. फरक योगायोगाने पडलेला नाही, हे तूच लिहिलंस. आता माल हिच्या हाताखालूनच जाणार."

तो फरक त्याने स्वतः दोनदा तपासला होता.

पांगापांग झाल्यावर मावशी त्याच्याजवळ आली. "रागावलास का रे?"

"नाही. गणित बरोबर आहे."

"मग किटली उचल. आणि सावकाश ओत."