बऱ्या दिवसांची भीती

टेलरकाकूंचा आजार नसांचा होता, आणि मोठा लहरी. एखाद्या सकाळी बोटं अशी चालत की सुईत दोरा एका दमात ओवला जाई. बहुतेक दिवशी मात्र चहाचा कप उचलतानाही हात दगा देई, पाय जमिनीवर टेकलेत की नाही तेच कळत नसे. गिऱ्हाइकांना असा बेभरवशाचा शिंपी परवडत नाही. दुकान बंद झालं आणि शिवणयंत्र घरी मागच्या खोलीत येऊन बसलं.

घरात दोघीच. काकू आणि हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम करणारी त्यांची धाकटी बहीण. धाकटीनेच सरकारी अपंगत्व भत्त्यासाठी अर्ज करायला लावला. भत्ता किती, ते आजाराच्या नावावरून ठरत नव्हतं. अंघोळ, कपडे घालणं, स्वयंपाक, चालणं अशा रोजच्या कामांना गुण होते. काम जितकं जमत नाही तितके गुण जास्त. बेरजेवरून पायरी ठरायची आणि पायरीवरून रक्कम.

"शाळेत नापास झाल्यावर मार बसायचा," काकू म्हणाल्या, "इथे पास झाल्यावर बसणार."

तपासणीच्या दिवशी त्या ठेवणीतले कपडे घालून गेल्या. तपासणारी बाई तरुण होती, मऊ आवाजाची. तिने समोर ठेवलेल्या सदऱ्याची बटणं लावायला सांगितली. नेमका तो दिवस बरा होता. काकूंनी बटणं पटापट लावली आणि वर म्हणाल्या, "बाई, तुमच्या बाहीची शिलाई उसवलीय. सुईदोरा असेल तर आत्ता घालून देते."

एकही पायरी मिळाली नाही.

"तुला कुणी सांगितलं होतं शिवायला निघायला?" धाकटी कडाडली.

"अगं, हात चालत होता."

"मग थांबवायचा!"

फेरविचारासाठी अर्ज केला. धुलाईघरातल्या एका जाणत्या बाईने सल्ला दिला, तिथे आपला सगळ्यात वाईट दिवस सांगायचा. मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. धाकटी साहेब व्हायची, भुवया चढवून प्रश्न विचारायची. पहिल्यांदा काकूंना हसू आवरेना. मग एकदा त्यांनी मोरीतली एक सकाळ सांगितली आणि हसणं थांबलं. पाय गेले होते. त्या ओल्या फरशीवर बसून राहिल्या होत्या. नळ चालूच होता, पाणी गार होत गेलं होतं, कडीपर्यंत हात पोचत नव्हता. हे त्यांनी बहिणीलाही कधी कळू दिलं नव्हतं.

"अस्सं. हेच सांगायचं," धाकटी म्हणाली आणि भांडी लावायच्या निमित्ताने पाठ वळवून उभी राहिली.

मग काकू तेच सांगत राहिल्या. सांगताना आवाज खोल जाई, उजवा हात आपोआप मिटून मांडीवर येई. फेरतपासणीत त्या खोटं एक अक्षर बोलल्या नाहीत. वरची पायरी मिळाली.

आणि तिथून घरात काहीतरी बिनसलं. सकाळी बोटं सहज उघडली की काकू आधी खिडकीकडे बघत. कुणी पाहिलं तर? त्यांनी पडदे ओढून घेतले. दार वाजलं की त्या पटकन खुर्चीत बसत, हात मांडीवर मिटून घेत. यंत्रावर कापड घातलं. पुढे पुढे घरात कुणी नसतानाही त्या हात उघडीनाशा झाल्या.

"मी उभी राहिले की ती बघते," एकदा त्या जेवताना म्हणाल्या.

"कोण ती?"

"मोरीतली. खाली बसलेली."

धाकटी उठून मोरीत गेली, नळ घट्ट पिळून आली. काकूंना पाणी वाहताना ऐकू येतच राहिलं.

बरे दिवस कमी होत गेले. धाकटीला वाटलं, आजार वाढला.

पुढे नेमाने होणाऱ्या पुनर्तपासणीला तीच मऊ आवाजाची बाई घरी आली. काकूंनी पाठ झालेलं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या.

"हे खरं आहे, पण रोजचं नाही. कधीकधी मला जमतं. आता कापायचं ते कापा."

बाईने पेन खाली ठेवलं. "काकू, अर्ध्याहून जास्त दिवस एखादं काम जमत नसेल, तर ते जमत नाही असंच धरतात. नियमच आहे तसा. अधूनमधून बरा दिवस आला म्हणून काही जात नाही. पहिल्या वेळी मी बाकीचे दिवस विचारायला हवे होते. विचारले नाहीत."

"म्हणजे लपवायची गरज नव्हती?"

"नव्हती."

धाकटीने शेगडी बंद केली. "हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही हो?" तिने विचारलं. बाईने पेन पुन्हा उचललं.

पायरी तीच राहिली. हाताच्या व्यायामाला पाठवलं, तिथे कळलं की आजारापेक्षा न वापरल्यानेच हात जास्त आखडलाय. तीन बोटं हळूहळू सुटली, दोन वाकडीच राहिली. काकू आता सरळ शिलाईच्या उश्यांच्या खोळी शिवतात. "वळणाचं काम बंद," असं हसत सांगतात.

पण जिन्यात कुणी सहज विचारलं, "काय काकू, बरं आहे ना?" तर त्या लगेच उत्तर देत नाहीत. विचारणारं कोण आहे ते आधी नीट पाहून घेतात.