मामा काट्यावर चढेना

विमान एकट्यानं उडवायचं आणि वर गलेलठ्ठ पगारही घ्यायचा, तर अशी नोकरी शोधायची कुठे? पोरं हे कुणाला विचारतात? मला! आमच्या माऊन गावच्या विमानतळाच्या फाटकाशी मागविन्या, म्हणजे फुगलेल्या पिठाचे गोळे, तळणाऱ्या बाईला! लायसन खिशात घालून कुठून कुठून येतात, रोज एकेका कंपनीच्या दारात उभी राहतात, 'पुढच्या महिन्यात बघू' ऐकतात आणि तोंड पाडून माझ्या बाकावर येऊन बसतात. मी म्हणते, "बाबांनो, मला काय डोंबल कळतंय? मला पीठ फुगलं का, एवढं कळतं." पण चहा होईस्तोवर माझ्या भाचीची गोष्ट मात्र सांगते.

ओनालेन्ना तिचं नाव, म्हणजे 'तो माझ्यासोबत आहे.' तो म्हणजे देव. माझा भाऊ जन्मभर पाणथळीत काठीनं होडी ढकलायचा. पोरगी पायलट झाल्यावर तिला चिडवायचा, "एकटी कुठं उडवतेस गं? नावातच सोबत घेऊन फिरतेस की!" आई तिची लहानपणीच गेली. सेरोंगा गावच्या मावशीनं आणि डिकगांगमामानं तिला वाढवलं. सरकारी पैशावर शिकली आणि पाच वर्षं सहा खुर्च्यांचं छोटं विमान घेऊन पाहुण्यांना रानातल्या तंबूंवर सोडत राहिली. उतरायच्या आधी धावपट्टीवर अगदी खाली येऊन एक चक्कर मारायची, जिराफ हाकलायचे, मग चाकं टेकवायची. काम आवडायचं, पण पगारात खोलीचं भाडं गेलं की उरायचं ते फुंकायलाही पुरायचं नाही.

मग ती मोठी जागा निघाली. बारा माणसांचं विमान, चालवणारा एकटाच, पगार तिप्पट. माणसं निवडायचं काम कॅप्टन लेटसेबेकडे. पांढऱ्या केसांचा, कमी बोलणारा माणूस. त्या शुक्रवारी सकाळीच तो माझ्या बाकावर येऊन बसला.

"इथं का बसलात?" मी विचारलं. "पोरीची परीक्षा घ्यायची ना? विमानात बसा तिच्या शेजारी."

"उडवता सगळ्यांनाच येतं, मा-काटलो," तो म्हणाला. काटलोची आई म्हणून मला सगळे हीच हाक मारतात. "विमान निघायच्या आधी काय करतात, ते मी बघतो. दोन मागविन्या द्या."

आणि नेमका तोच दिवस मयतीला निघायचा. सेरोंगाची मावशी वारली होती, शनिवारी उजाडता माती होती. पुराचं पाणी रस्त्यावर चढलेलं, म्हणून मामानं भाड्यानं विमान सांगितलं, चालवणार आमची ओनाच. त्यात बसणार मामा, मामी आणि गावातल्या दोन म्हाताऱ्या. शिवाय मक्याच्या पिठाची दोन पोती आणि मांस शिजवायचं तीन पायांचं लोखंडी पातेलं.

मामाला मी वर्षानं बघत होते. गुरांच्या तळावरच राहायचा तो. जुना धिप्पाड माणूस, तोच लांब जाड कोट, मफलर, डोक्यावर टोपी. गाल जरा बसलेले दिसले, पण बहिणीचं दुःख म्हणायचं, दुसरं काय!

छोट्या विमानात चढणाऱ्या प्रत्येकाचं वजन करतात. सामानाचाच काटा, त्यावर उभं राहायचं. त्यात सेरोंगाची धावपट्टी पाण्यानं एका अंगानं खाल्लेली, त्यामुळे त्या दिवशी भार जपूनच न्यायचा होता. मामी चढली, उतरली. म्हाताऱ्या हसत हसत चढल्या. मग ओना म्हणाली, "मामा, आता तुम्ही."

"मी काय?"

"काट्यावर, मामा."

"मी बैल आहे का? काट्यावर बैल चढवतात, कत्तलखान्याच्या दारात! शंभर किलो लिही आणि चल."

दोन्ही म्हाताऱ्या खुदकन हसल्या. मामीनं मात्र मान खाली घातली. ओनानं थोरांपुढे वाकतात तसे गुडघे वाकवून, दोन्ही हात जोडीनं पुढे धरून सांगितलं, "मामा, शेडच्या मागं मोजते. कुणी बघणार नाही."

"तू बघशील ना!"

आता माझं डोकं तडकलं. आमच्याकडे मामाशिवाय पोरीच्या लग्नाची बोलणी उघडत नाहीत. नवऱ्याकडून किती गुरं यायची ते तोच ठरवतो. हिचं लग्न ठरलेलं, मुलगा मास्तर, आणि दोन महिन्यांनी बैठक. मी कढई सोडून कुंपणापाशी गेले आणि ओरडले, "अगं ए शहाणे! ज्या हातांनी तुला जेवू घातलं त्यांनाच तराजूत घालतेस? लिही शंभर आणि ने!"

"शंभर नाहीत ते, आत्या," ओना हळूच म्हणाली. "कोट बघ. एकशेदहाच्या खाली नाहीत. पट्टी आखूड आहे." मग मामाकडे वळली. "आकडा नसेल तर मी नेणार नाही, मामा."

कॅप्टन आपला मागविनी चावत होता. तोंडावरची माशी हलेल तर शपथ!

मामानं कोट घट्ट ओढून घेतला. "मग माझ्या जागी पातेलं ने. मयतीला आलेल्यांना जेवायला लागतं, माझ्यावाचून काही अडत नाही. आणि तुझी गुरं मोजायला दुसरा मामा शोध!"

"दुसरा नाहीये मला," ओना म्हणाली. हात कामातच होते. पोती बांधली, पातेलं बांधलं, बायकांना बसवलं. ऑफिसातल्या माणसाला म्हणाली, "मी परत येऊन मामांना एकट्यांना नेणार. त्या फेरीचं तेल माझ्या पगारातून कापा." मला म्हणाली, "यांना चहा दे, आत्या." आणि उडाली.

कॅप्टननं हात पुसले आणि निघून गेला. झालं! मी कपाळाला हात लावला. नोकरीही गेली आणि मामाही गेला. मामाला मी चहा दिला. माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हातांत पेला धरून तो बसून राहिला. मधूनच खोकायचा. मागविनी त्यानं शिवलीसुद्धा नाही.

दुपारी ती आली. काट्याकडे बोट न दाखवता तिनं पुढचं दार उघडलं. "बसा, मामा. आता तुम्ही कितीही असा, चालतंय." रागानं का होईना, पण बहिणीच्या मातीला जायचं म्हणून तो बसला.

वर काय झालं ते मला मामानंच पुढे सांगितलं. काचेतून ऊन येऊन तो घामानं निथळला. ओना म्हणाली, "कोट काढा ना." कोट काढला तर आत दुसरा कोट. तो काढला तर जाड स्वेटर. तोही निघाला आणि शर्टात उरली ती नुसती हाडं. गळ्याखालची दोन्ही हाडं पोरीला मोजता आली असती.

मग मामा म्हणाला, "आकडा दिसला असता ना, तर संध्याकाळपर्यंत सगळं माऊन म्हणालं असतं, डिकगांगला तो रोग झाला. मलाही तसंच वाटतंय. म्हणून तर दवाखान्याची पायरी चढलो नाही."

"मी तुम्हाला एकशेदहा धरले होते, मामा."

"म्हणजे मी काट्यावर चढलो असतो तर…"

"एकाच फेरीत सगळे गेलो असतो. पातेल्यासकट."

मामाला हसू फुटलं आणि हसता हसता खोकलाही आला. ओना समोर बघतच म्हणाली, "सोमवारी दवाखान्यात जायचं. मी नेते."

"हे पण तुझ्या नियमात आहे?"

"इथं दुसरा पायलट नाही. माझंच चालतं. एक तर हो म्हणा, नाही तर दार उघडून उतरा."

खाली पाहिलं तर सगळीकडे पाणी आणि त्यात पाणघोडे. मामा हो म्हणाला.

विमान परत आणायला ओना माऊनला आली, त्याच संध्याकाळी कॅप्टनचा फोन आला. मी शेजारीच होते. "सोमवारी ये, सही करायला."

"सोमवारी नाही जमणार, सर," आमची बया म्हणाली. मी तिचा दंड असा चिमटला! पण ती ऐकते कुठली? "घरचं काम आहे. मंगळवारी येते."

तिकडे कॅप्टन हसला. "मामांनाही नाही म्हणालीस, मलाही. अशीच नाही म्हणत राहा. मंगळवारी ये."

दवाखान्यातल्या काट्यावर मामा भरला पंचावन्न किलो, आणि निघाला क्षय. ज्याला मामा भीत होता तो एड्स नव्हताच. सहा महिने गोळ्या, रोजच्या रोज, आणि त्या घ्यायला मामा ओनाच्या खोलीवर राहिला. तिप्पट पगारातून दूध, अंडी, कलेजी आणून ती त्याला कोंबड्यासारखं चारायची. बैठक पुढे ढकलली. नवऱ्याकडचे कुरकुरले, तर तिनं निरोप धाडला, "माझा मामा बरा झाल्याशिवाय बैठक नाही."

बैठकीच्या आदल्या दिवशी मी तळत होते. मामा चालत आला, अंगात नुसता शर्ट. तरातरा फाटकातून आत गेला आणि काट्यावर उभा राहिला. पायलट, हमाल, पाहुणे, सगळे बघायला लागले. कॅप्टनही होता.

"ओना! वाच. मोठ्यानं वाच, सगळ्या माऊनला ऐकू जाऊ दे!"

ओना पळत आली, आकड्यावर वाकली आणि तशीच राहिली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, तिला काही दिसेना.

"घ्या!" मामा कॅप्टनला म्हणाला. "हिला आकडा वाचता येत नाही आणि तुम्ही हिला तिप्पट पगार देता?"

शेवटी मीच झारा हातात घेऊन पुढे झाले आणि वाचलं, "चौऱ्याहत्तर!"