कडू न लागलेली पट्टी

सायखेड्यात कोबी-फ्लॉवर पिकवणाऱ्या अमोलशी लग्न होऊन उज्वला आली आणि पहिल्या वर्षापासूनच सासूचं, बयाबाईचं, तिच्याशी बिनसलं. उज्वलाचे वडील येवल्याच्या एसटी डेपोत कंडक्टर. शहरातली पोर शेतात काय टिकणार, असं बयाबाई हळदीतच बोलली होती. उज्वला टिकली. रानात वाकली, पण कोणाचं उणं बोलणं कधी ऐकून घेतलं नाही. त्यात एकच मुलगी झाली, तेजस्विनी. बयाबाईला बोलायला कारण मिळालं.

तेजस्विनी लहानपणापासून कोबी खायची नाही. "कडू लागतो," म्हणायची. घरचा कोबी आणि कडू? सगळे हसायचे. उज्वलाला स्वतःला कधी तो कडू लागला नव्हता, त्यामुळे तिनेही एकदा ताटावरून उठणाऱ्या पोरीला थोबाडीत दिली होती.

पुढे तेजस्विनी नाशिकच्या कॉलेजात बीएस्सीला गेली. एका रविवारी ती प्रयोगशाळेतल्या कागदाच्या पट्ट्या घेऊन आली. जिभेवर ठेवायच्या. कोणाला जहर कडू लागतात, कोणाला काहीच लागत नाही, आणि हे आईबापाकडून येतं, असं तिने सांगितलं. ओट्यावर सगळे बसले होते. अमोलने पट्टी चघळली. "कागदच हाय." उज्वलालाही कागदच लागला. बयाबाई मात्र अंगणात जाऊन थुंकली. तेजस्विनीचं तोंड वाकडं झालं तरी ती खूश होती. "बघ मम्मी, मी नाटकं करत नव्हते!"

वाटाणे सोलत बसलेली धाकटी जाऊ शुभांगी बारावी सायन्स होती. ती म्हणाली, "ताई, आम्हाला तर शिकवलं होतं, आईबापाला दोघांनाही लागत नसेल तर पोरांना लागत नाही. मग हिला कुठून लागलं?"

कोणी हसलं नाही.

"कुठून म्हंजी? तिलाच इचारा," बयाबाई म्हणाली. "लग्नानंतर उठसूट येवल्याला जाऊन राह्यची."

"आत्या, तोंड सांभाळून बोला," उज्वला सासूला म्हणाली.

"माझं तोंड चांगलं हाय. मला कडू लागलं."

उज्वलाने अमोलकडे पाहिलं. तो तळहातावर तंबाखू मळत होता. त्याने चिमूट ओठाखाली दाबली आणि तो विहिरीवरच्या मोटरीकडे निघून गेला.

त्या दिवसापासून तो मळ्यातल्या खोलीत झोपायला लागला. घरात भांडी आपटली जायची, पण बोलायचं कोणी नाही. एक दिवस तोच म्हणाला, "खरं काय ते सांग. मी कोणाला बोलणार नाय."

"इतकी वर्षं संसार केला माझ्याशी, आणि कागदाचा कपटा चघळून तुम्हाला प्रश्न पडला?"

तेजस्विनी रडून रडून थकली. शेवटी तिने कॉलेजच्या अंजली मॅडमना फोन लावला आणि सगळ्यांसमोर स्पीकर सुरू केला. मॅडम आधी पट्ट्या घरी नेल्याबद्दल तिलाच रागावल्या. मग म्हणाल्या, "हे वारशाने येतं, पण हिशेब इतका सरळ नाही. कोणाला फार कडू लागतं, कोणाला किंचित, कोणाला अजिबात नाही. जगात काही समाजांत कडू न लागणारे पुष्कळ सापडतात, काहींत फार थोडे. पुस्तकात सोपं करून लिहितात, पण आईबापाला दोघांनाही लागत नाही आणि मुलाला लागतं, अशी घरं असतात. तंबाखूने जीभ बोथट होते ते वेगळंच. यावरून कोण कोणाचं मूल, हे ठरवता येत नाही."

शुभांगीने मान खाली घातली. बयाबाई म्हणाली, "मास्तरीण तिच्याच बाजूनं बोलणार."

"मग रक्त तपासून टाकू," अमोल म्हणाला. "एकदाचा विषय मिटंल."

उज्वला उभी राहिली. "तपासा. पोरगी तुमचीच निघेल. पण मी रक्त द्यायला दवाखान्याची पायरी चढले, की त्या दिवसापासून तुमची बायको नाही."

"धमकी देती का?"

"हो."

तपासणी झालीच नाही. अमोलला दवाखान्यात जायची हिंमत झाली नाही आणि 'गरज नाही' म्हणायचीही. त्या दोन शब्दांसाठी उज्वलाने अख्खा हंगाम वाट पाहिली. मग तिने नाशिकरोडला खोली घेतली आणि तेजस्विनीसह घर सोडलं. बयाबाई दारातून म्हणाली, "बरं झालं, पीडा गेली." अमोल तिथेच उभा होता.

नाशिकरोडला सरकारी नोकरदारांच्या वसाहती. उज्वलाने डबे सुरू केले आणि दिवाळीपर्यंत तिचा जम बसला. तेव्हा अमोल आला. जाळीच्या दाराबाहेर उभा राहून म्हणाला, "घरी चल. मला तशी शंका नव्हतीच."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"आईसमोर..."

"आई आजही आहे. तिच्यासमोर बोलून या."

तिने आतलं दार लावलं. अमोल जिना उतरून खाली जाऊन थांबला. तेजस्विनी स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. "तुझे पप्पा आहेत," उज्वला म्हणाली. "तुला भेटायचं तर जा. माझ्यासाठी थांबू नकोस."

तेजस्विनी चपला घालून खाली गेली. उज्वलाने कणीक मळायला घेतली. खालून अमोलचा रडवेला आवाज येत होता, म्हणून तिने उठून खिडकी लावून घेतली.