हिरव्याचं पथ्य

बाबांच्या हृदयाला मुंबईत पंप बसवला, भावाच्या कंपनीचा विमा होता म्हणून. पंप ठोके न देता रक्त एका धारेत ढकलायचा, त्यामुळे मनगटाला नाडी लागायची नाही. कमरेला बॅटऱ्या आणि रोज रक्त पातळ करायची गोळी. काही महिन्यांनी त्यांना डांबरासारखी काळी शी होऊ लागली. पोटात कुठंतरी रक्त झिरपत होतं.

अमरावतीचा डॉक्टर म्हणाला, "पंपवाल्याच्या पोटात दुर्बिणीची नळी? मी नाही घालणार." अकोल्याचा म्हणाला, "घालू की." म्हटलं, यात कुठंतरी पाणी मुरतंय! एक एवढा घाबरतो, दुसरा जराही नाही? माझ्या बापावर हात बसवून घेतो का काय हा?

मी त्याला खोदून खोदून विचारलं. गुंगी कोण देणार? नाडीच नाही तर माणूस जित्ता आहे हे कळणार कसं? त्यानं माझ्यासमोर मुंबईच्या पंपवाल्या डॉक्टरांना फोन लावला. रक्तदाबासाठी वेगळं यंत्र, भरलेल्या बॅटऱ्या, भूलतज्ज्ञ शेजारी, सगळं सांगितलं. तरी माझा जीव काही भांड्यात पडेना.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. रक्त नको तितकं पातळ. आता डॉक्टरच आमच्याकडे संशयानं पाहायला लागला. "गोळी जास्त दिली का?"

"नाई जी," आई म्हणाली.

"जेवणात काय बदललं?"

बाबा फटकन बोलले, "पालक-मेथी बंद केली ना इनं! वावरात हिरवंगार पिकते अन् मले निस्तं वरण-भात. सारं बाजारात धाडते!"

कापसानं दगा दिल्यापासून वलगावच्या वावरात आम्ही भाजीपालाच लावत होतो. मुंबईत सांगितलं होतं, पालेभाजी जपून, रोज सारख्याच मापात खा. आईनं त्यातलं 'जपून' तेवढं धरलं आणि वरणातली कोथिंबीरसुद्धा वेचून काढली. पालेभाजीनं रक्त गोठायला मदत होते; ती अचानक बंद झाली की तीच गोळी जास्त चढते, डॉक्टर म्हणाले.

"अवं माय! म्हंजे म्याच केलं?" आई म्हणाली. मला तिची दया आली आणि बाबांचा भयंकर राग.

रक्त ताळ्यावर आणून नळी घातली. झिरपणारी बारीक शीर सापडली, तिथंच डागली. बाबा वाचले. पंपामुळंही अशा शिरा फुटतात, सगळा दोष जेवणाचा नाही, असं डॉक्टरांनी आईला पुन्हापुन्हा समजावलं. तिनं मान डोलावली, पण तिला ते पटलं नव्हतं.

जन्मभर आग्रह करकरून नवऱ्याला वाढणारी ती बाई आता भाताचं भांडं माझ्याकडे सरकवते.

"तूच वाढ वं," म्हणते. "माह्या हातचं नोको त्यायले."