सतरा नंबरचा रिकामा पोर्ट

आधीच सांगून टाकते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही, आणि हे वाचून कुणी ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो का’ म्हणणार असेल, तर त्यांनी इथूनच पान उलटावं. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात नवस नाही, अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही. लहानपणी माझ्या चुलतबहिणीला चिंचेखाली कुणीतरी दिसलं म्हणून तिने रडून गोंधळ घातला होता. आईने तिला हाताला धरून त्याच झाडाखाली नेऊन बसवलं आणि सतराचा पाढा म्हणायला लावला. मी त्या आईची मुलगी. त्यामुळे पुढचं घाबरून लिहीत नाहीये. चिडून लिहितेय म्हणालात तरी चालेल.

दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. पुण्यात जो भेटेल तो कॉम्प्युटरचा कुठला ना कुठला कोर्स करत होता. मी स्वारगेटजवळच्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळायचे. परदेशातले डॉक्टर पेशंटबद्दल बोलून रेकॉर्ड करायचे, आणि आमच्याकडची मुलंमुली हेडफोन लावून ते टाइप करायची. टायपिंग दुसऱ्या मजल्यावर. तपासणी, अकाउंट्स आणि साहेबांची केबिन चौथ्या मजल्यावर. मधल्या मजल्यावर कुणा वकिलांचं ऑफिस होतं, त्यांचा आमच्याशी संबंध नाही.

मला काम शिकवलं शिरीष सरांनी. ते सीनियर. धायरीहून रोज स्कूटरवर यायचे, डब्यात रोज एक कच्चा कांदा, आणि बोलणं एकदम तिखट. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खिडकीपाशी उभं केलं. खाली स्वारगेटचा डेपो दिसायचा.

“आमच्या सोसायटीचा वॉचमन म्हणजे स्विच,” ते म्हणाले. “तो चेहरे ओळखतो. कोण कुठल्या जिन्याने आलं ते बघून ठेवतो. नवीन कुणाची चौकशी आली तर सगळ्या जिन्यांपाशी जाऊन ओरडतो — अमुक आहेत का, अमुक. पण त्याला सोलापूरला कसं जायचं विचार… डोकं खाजवेल. आणि ती खाली चौकशीची खिडकी दिसते? ती राऊटर. ती तुझ्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही. कुठल्या गावाला जायचंय तेवढं विचारते आणि गाडी सांगते.”

“मग चेहऱ्याचं काय होतं, सर?”

“चेहरा सोसायटीच्या फाटकाशी संपला. पुढे जातो तो पत्ता.”

याच्यापेक्षा सोपं मला नंतर कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. प्रत्येक मशीनमधल्या नेटवर्क कार्डावर कारखान्यातूनच एक नंबर घातलेला असतो, मॅक नंबर — तो चेहरा. स्विच त्याची यादी ठेवतो, वायर खुपसायच्या खाचांप्रमाणे, म्हणजे पोर्टांप्रमाणे: हा नंबर या पोर्टवर, तो नंबर त्या पोर्टवर. पाच मिनिटं कुणी गप्प राहिलं की त्याची ओळ यादीतून जाते. आणि राऊटरच्या पलीकडच्या मशीनचा मॅक नंबर अलीकडच्या स्विचला दिसत नाही. कधीच नाही. सरांनी दोन मजल्यांची दोन वेगळी नेटवर्कं करून मध्ये राऊटर बसवला होता तो याचसाठी. खाली काही राडा झाला तरी वरचं काम थांबायला नको. साहेब कुरकुरले होते, “स्विच आहेत की दोन्हीकडे, राऊटरची चैन कशाला?” सर म्हणाले होते, “भिंत म्हणजे चैन नव्हे.” आणि बसवून मोकळे झाले.

मग सरांनी मला एक कवायत लावली. त्यांच्या मशीनमधल्या कार्डाचा नंबर स्टिकरवरून मोठ्याने वाचायचा, स्विचच्या यादीत शोधायचा, पोर्ट बघायचा, आणि मग त्या पोर्टमधली वायर हातात धरून तिच्या टोकापर्यंत चालत जायचं. डोळ्याने नाही, हाताने. महिनाभर रोज. त्या नंबराचा शेवट — ई-एक-सात-बी — मला माझ्या जन्मतारखेसारखा पाठ झाला.

एका रविवारी सकाळी चहा पिता पिता सर गेले. हार्ट. वय बावन्न. नंतर त्यांचं मशीन अकाउंट्सला दिलं, तेव्हा त्यातलं जुनं कार्ड बिघडलेलं होतं म्हणून मीच ते काढून नवीन घातलं. जुनं कार्ड कागदात गुंडाळून दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. आठवण म्हणून. याला अंधश्रद्धा म्हणत नाहीत.

सर जाऊन तीन आठवडे झाले आणि एका सोमवारी आमचं सगळं नेटवर्क झोपलं. दुसरा मजलाही, चौथाही. दिवसभर एक फाइल हलली नाही. साहेबांनी नुकताच मंदार नावाचा एक कन्सल्टंट आणला होता, त्याला संध्याकाळी कारण सापडलं. खालच्या ट्रेनिंग रूममधल्या छोट्या स्विचमध्ये कुणीतरी एकाच वायरची दोन्ही टोकं खुपसली होती. स्विचमध्ये असं झालं की एकदा मारलेली हाक गोल गोल फिरतच राहते. राऊटर पुढे पाठवताना माहितीच्या प्रत्येक पाकिटावरच्या आकड्यातून एक वजा करतो, शून्य झालं की टाकून देतो. स्विचकडे ते मोजणं नाही. फिरणारं थांबतच नाही.

इथवर ठीक. पण मग चौथा मजला का पडला? मध्ये तर राऊटर होता. मंदारने रिपोर्टात लिहिलं — मूळ डिझाइन चुकीचं, राऊटर नीट बसवलेलाच नव्हता. खाली डिझाइन करणाऱ्याचं नाव: शिरीष सरांचं. परदेशातल्या क्लायंटला लेखी कारण हवं होतं, साहेबांना नाव हवं होतं, आणि मेलेला माणूस भांडायला येत नाही. साहेब मला म्हणाले, “शुक्रवारपर्यंत तपासून सही करा.”

बुधवारी सरांच्या मिसेस ऑफिसात आल्या, त्यांचा चष्मा आणि डबा न्यायला. वहिनींच्या कानावर कुणीतरी घातलंच होतं. जिन्यात माझा हात धरून म्हणाल्या, “संघमित्रा, खरं सांग. यांच्याकडून चूक झाली होती का गं?”

राऊटरची सगळी सेटिंग मी दोनदा बघितली होती. सगळं बरोबर होतं. पण वरचा मजला पडला होता हेही खरंच होतं. वहिनी डबा पिशवीत घालून खाली उतरल्या, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता गुरुवार. दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन, खाली एसटीचे हॉर्न, ऑफिसात चहा फिरतोय — वातावरणनिर्मिती म्हणाल तर एवढीच. मी दुसऱ्या मजल्यावरच्या स्विचची यादी प्रिंटरवर काढली. ओळी बघत गेले. टायपिंगवाल्यांची मशीनं, सगळी ओळखीची. आणि मध्येच एक ओळ. पोर्ट सतरा. शेवट ई-एक-सात-बी.

मी वही उघडली. माझ्याच अक्षरात होतं — पोर्ट सतरा, रिकामा.

ड्रॉवर उघडला. कार्ड होतं तिथेच, कागदात. स्टिकर वाचला. मोठ्याने वाचला. तोच नंबर.

स्क्रीनवर यादी पुन्हा काढली. ओळ होती. मग पाचेक मिनिटांनी काढली तर गेलेली. पण छापलेला कागद माझ्या हातात होता, वेळेसकट.

घाबरले का? नाही. पहिल्यांदा राग आला. वाटलं, कुणीतरी माझी थट्टा करतंय, आणि तीही सरांच्या जिवावर. मग माझे हातच आपोआप कामाला लागले, कारण नंबर दिसला की पुढे काय करायचं हे महिनाभर घोटवलेलं होतं. स्विचपाशी गेले. वायरींच्या गुंत्यात सतरा नंबरला खरोखरच एक वायर खुपसलेली होती. दिवा बंद. मी वहीवर विसंबून त्या पोर्टकडे कधी बघितलंच नव्हतं, ही माझी चूक, मान्य. वायर मुठीत धरली आणि चालायला लागले. रॅकच्या मागून, भिंतीच्या कडेने, जिन्यालगतच्या डक्टमध्ये. डक्टमध्ये ती वर जाताना दिसली. मी जिन्याने दोन मजले चढले, वरच्या डक्टपाशी ती पुन्हा धरली, स्टुलावर उभी राहून सीलिंगची फळी सरकवली. वायरचं दुसरं टोक वर गुंडाळून ठेवलेलं होतं, चौथ्या मजल्याच्या स्विचपासून हातभर लांब. कशालाच न जोडलेलं.

एक टोक जोडलेलं, दुसरं मोकळं. अशा पोर्टवर कुठलाच नंबर येऊ शकत नाही. कार्ड जिवंत असलं तरी नाही.

मंदारला बोलावून ते टोक दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. “मॅडम, टेस्टिंगला टाकली होती,” तो म्हणाला. “साहेबांना केबिनमधून खालच्या फाइल पटकन बघायच्या होत्या. राऊटरमधून जायला वेळ लागतो म्हणाले. सोमवारी सकाळी स्विचला स्विच जोडला… संध्याकाळी काढून टाकला.”

“आणि रिपोर्टात लिहिलं नाही.”

“नोकरी जाईल माझी.”

म्हणजे सरांची भिंत जागेवर होती. हे लोक तिला वळसा घालून बोळ काढून बसले होते, आणि खालचा राडा त्या बोळातून वर गेला होता.

त्याच संध्याकाळी मी माझा रिपोर्ट लिहिला. वायर कुठे होती, कुणी टाकली, कुणी टाकायला सांगितली. आणि कशी सापडली तेही — प्रिंट जोडून, ई-एक-सात-बीच्या ओळीसकट. शुक्रवारी साहेबांनी तो वाचला. वायरीबद्दल ते फार बोलले नाहीत, तोंड नव्हतंच. त्या ओळीवर मात्र बोट ठेवलं.

“आपण इंजिनियर आहात की मांत्रिक?”

“इंजिनियर. म्हणून दिसलं ते लिहिलं.”

“ही ओळ काढा. बाकीचं मी पाठवतो.”

“ओळ काढली तर वायर मला कशी सापडली म्हणून लिहू? सहज सीलिंग उघडून बघितलं म्हणून?”

“लोक हसतील तुम्हाला.”

“हसू देत. सरांवर खोटा आळ येऊ देण्यापेक्षा बरं.”

ओळ राहिली. रिपोर्ट गेला, सरांचं नाव निघालं. महिन्याभरात मी दुसरीकडे नोकरी धरली, ते ओघानेच आलं.

तेव्हापासून लोकांनी मला पुष्कळ खुलासे ऐकवले आहेत. जुनी नोंद राहिली असेल — पाच मिनिटांत जाणारी नोंद तीन आठवडे राहत नाही, आणि सोमवारी तो स्विच दोनदा बंद-चालू केला होता. कुणीतरी नंबर बदलून लावला असेल — लावा बापडे, पण बंद पोर्टवर? स्विचच खराब असेल — असेल, पण खराब स्विचला नेमका हाच नंबर सुचला? मी स्वतः ते कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये घालून बघितलं. दिवासुद्धा लागला नाही. माझ्याकडे खुलासा नाही. कुणाकडे असेल तर पुरावा घेऊन यावं, चहा मी पाजते. ‘आत्मा’ म्हणणाऱ्यांना चहा नाही.

रिपोर्टाची प्रत घेऊन मी धायरीला गेले होते. वहिनींनी दारातच उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं. मी म्हटलं, “वहिनी, तुम्ही विचारलं होतंत. नाही. चूक त्यांची नव्हती.”

त्या मग खाली बसल्या. नंतर प्रिंटचा कागद उलगडून ती ओळ बघितली, त्यांना त्यातलं काही कळत नसताना. म्हणाल्या, “हे असेच होते गं. कुणी आळ घेतला की जेवायचे नाहीत. चूक सापडेपर्यंत घरभर शोधत फिरायचे.”

वहिनी, तसं काही नसतं — हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. आईने ते म्हटलंच असतं. मी म्हटलं नाही. आजही मानत नाही, पण त्या दिवशी म्हटलं नाही.

त्यानंतर मी अनेक ऑफिसांची नेटवर्कं बसवली. वहीत ‘रिकामा’ लिहिलेला प्रत्येक पोर्ट मी हात लावून बघते, मगच सही करते. हाताखालची मुलं हसतात. हसू देत.