बाहुल्यांच्या कोठाराची सोयरीक

५ सप्टेंबर २०२३, मंगळवार. जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या बू वुर्यानींच्या स्टुडिओच्या खात्यातून दोन कोटी चौऱ्याहत्तर लाख पन्नास हजार रुपिया वळते झाले आणि दुपारी नव्या सर्व्हरची खोकी दारात येऊन पडली. ती शनिवारपर्यंत कुणी उघडली नाहीत.

त्या दिवशी मंगळवार होता आणि बाजारवार होता वागे. सात वार आणि पाच बाजारवार, प्रत्येकाला एक अंक असतो; त्यांच्या जोडीचा जो एकूण अंक येतो, त्यात मंगळवार-वागेचा सगळ्यांत हलका. अशा दिवशी नव्या वस्तूला हात लावू नये, असं पाक तुकिरान यांनी सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. खरं कारण वेगळं होतं. कुठल्या डिस्कवर कुठली फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, घालायची, हे पाक तुकिरान यांचं अजून ठरत नव्हतं.

पाक तुकिरान सत्तावन्न वर्षांचे (तिथे वडीलधाऱ्या पुरुषाला ‘पाक’ म्हणतात, बाईला ‘बू’). स्टुडिओतली यंत्रं तेच सांभाळत. संध्याकाळी मात्र ते गल्लीचे सोयरीकवाले. मुलाचा जन्मवार, मुलीचा जन्मवार, दोघांचे अंक मिळवायचे, आठाने भागायचे आणि उरलेल्या अंकावरून संसाराचं भविष्य सांगायचं. दोन उरले तर राजाराणीचा संसार, एक उरला तर काडीमोड. गल्लीतली निम्मी लग्नं त्यांच्या बोटांवरून गेलेली. उरलेल्या निम्म्यांनी त्यांना विचारलं नाही आणि तीही टिकली, पण हा विषय त्यांच्यासमोर कुणी काढत नसे.

स्टुडिओचं काम छायाबाहुल्यांच्या खेळांच्या चित्रीकरणाचं. एक खेळ रात्रभर चालतो आणि त्याची एकेक फाइल हत्तीएवढी होते. शिवाय हिशेबाच्या, गिऱ्हाइकांच्या मुंगीएवढ्या हजारो फाइली. आणि या सगळ्यांपेक्षा मोलाचं म्हणजे बू वुर्यानींच्या वडिलांचे खेळ. ते नावाजलेले दलांग होते, पडद्यामागे बसून एकटे सगळ्या बाहुल्या नाचवणारे आणि सगळ्यांचे आवाज काढणारे. वडील गेले. जुन्या फितींवरून त्यांचे एकसष्ट खेळ संगणकावर उतरवून घेतले होते. लेकीपाशी त्यांचा आवाज म्हणून जे काही उरलं होतं, ते एवढंच.

“यातली चांगली फाइल सिस्टिम कुठली?” बूंनी विचारलं. “ती एकच घाला सगळीकडे.”

“बू, अशी एक चांगली नसते. कपाटात तांदूळ, चपला आणि दागिने आपण एकाच खणात ठेवतो का?”

पाक तुकिरान तासभर बोलले. एक्स्ट-फोर साधी, सवयीची, रोजच्या कामाला आणि बारीकसारीक फाइलींना बरी. एक्सएफएस अगडबंब फाइली झपाझप गिळते, मात्र तिचं पोट वाढतं, ते परत कमी करता येत नाही. झेडएफएस प्रत्येक तुकड्यावर खूण करून ठेवते आणि वाचताना ताडून बघते. काही आतल्या आत नासलं तर ओरडते, पण तिला रॅम भरपूर लागते.

बू दर वाक्याला “हो, हो” म्हणत होत्या. सोलोमध्ये अशा ‘हो’चा अर्थ तुमचा आवाज ऐकू येतो आहे एवढाच असतो. तासाभराने त्या म्हणाल्या, “मग चांगली कुठली म्हणालात?”

तेव्हा पाक तुकिरान यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि बोटं वर काढली.

“बू, तुमच्या वडिलांचा जन्म शनिवार-पाहिंगचा. नऊ आणि नऊ, अठरा.”

बू ताठ बसल्या.

“ही एक्सएफएस. गुरुवार-क्लिवोनची. आठ आणि आठ, सोळा. झाले चौतीस. आठाने भागा. उरले दोन. राजाराणी!”

“फाइल सिस्टिमलाही जन्मवार असतो?”

“जे जन्मतं त्याला असतो, बू. तुमच्या मोटारसायकलीला नव्हता काढला मी?”

काढला होता, आणि मोटारसायकल अजून चालत होती. बूंनी लगेच मान्यता दिली. हिशेब एक्स्ट-फोरच्या पदरात पडले. चार मोठ्या डिस्क जोडून एक अवाढव्य कोठार झालं, त्यावर एक्सएफएस चढली, आणि त्यात रोजच्या चित्रीकरणाच्या शेजारी वडिलांचे खेळही गेले.

इथेच पाक तुकिरान यांनी माती खाल्ली. वडिलांच्या खेळांना खूण ठेवणारी झेडएफएस हवी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्यासाठी रॅम वाढवावी लागली असती, आणि खर्चाचा आकडा बूंना त्यांनी आधीच ठासून सांगून ठेवला होता. दिलेला आकडा मागे घ्यायचा म्हणजे पुन्हा बूंसमोर जाऊन बसायचं. त्यापेक्षा एक जन्मवार बनवणं स्वस्त पडलं.

पुढच्या मे महिन्यात म्बाक निंग्रुम, म्हणजे निंग्रुमताई, त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. ती संकलन करायची आणि तिची जीभ कात्रीपेक्षा धारदार होती. वडिलांच्या मृत्यूनंतरच्या हजाराव्या दिवसाचे विधी जूनमध्ये व्हायचे होते. त्या रात्री त्यांचा एक खेळ अंगणात पडद्यावर दाखवायचा, असं बूंनी सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं होतं.

“पाक, या खेळात अर्जुन हिरवा होतो.”

“दिवा हिरवा असेल.”

“मग दिव्याने त्याचा हातही खाल्ला. आणि दलांगबाबांचा आवाज बघा, बेडकासारखा झालाय. हा बघा तुमचा राजाराणीचा संसार.”

पाक तुकिरान यांनी पाहिलं आणि लगेच डिस्क तपासायला घेतली. डिस्क सगळं ठीक असल्याचं सांगत होती. एक्सएफएसचीही तक्रार नव्हती, कारण ती आपला पसारा तपासते, फाइलींच्या आत डोकावत नाही. आणि रोजची बचतप्रत, म्हणजे बॅकअप? तिने नासलेली फाइल इमानेइतबारे चांगल्या फाइलीवर चढवली होती. दोघांनी बसून सगळे खेळ पळवून पाहिले. आणखी दोन तसेच निघाले.

“आणि पुढे किती नासतील?” निंग्रुमने विचारलं.

“ते कळायला काही सोय ठेवली नाही, म्हणून तर...” पाक तुकिरान यांनी वाक्य गिळलं.

उपाय सरळ होता. दोन डिस्क मोकळ्या करून त्यावर झेडएफएस घालायची, दोन्हीवर तेच खेळ जुळे म्हणून ठेवायचे. एक नासला की दुसऱ्यावरून दुरुस्त. पण एक्सएफएसचं पोट आवळता येत नसल्यामुळे सगळं कोठार रिकामं करून मोडावं लागणार होतं.

“मोडायचं?” बू म्हणाल्या. त्यांच्यासमोर चहा होता, तो त्यांनी बाजूला सारला. “राजाराणीचा संसार? बाबांच्या हजाराव्या दिवसाच्या तोंडावर? पाक, तुम्हीच जुळवून दिलात.”

“हो, पण बू, काही संसारांना...”

“आमच्या घरात काडीमोड नाही.”

खरं सांगावं की आणखी एक थाप मारावी, असा प्रश्न पाक तुकिरान यांच्यापुढे होता. त्यांनी फार विचार केला नाही.

“बू, माझ्याकडून बेरीज चुकली. काल पुन्हा मांडली. एक्सएफएसचा जन्म शुक्रवार-पाहिंगचा निघतो. सहा आणि नऊ, पंधरा. वडिलांचे अठरा. झाले तेहतीस. उरला एक.”

“काडीमोड,” बू म्हणाल्या.

“दुर्दैवाने.”

बूंनी डोळे मिटले आणि पाक तुकिरान यांच्याच आवाजात, त्यांच्याच खाकरण्यासह म्हणाल्या, “‘ही एक्सएफएस. गुरुवार-क्लिवोनची. आठ आणि आठ, सोळा.’ पाक, मी दलांगाची मुलगी आहे. रात्रभराचा खेळ एकदा ऐकून सकाळी म्हणून दाखवायचे मी. गुरुवारी जन्मलेली ती आता शुक्रवारी जन्मली?”

दारात निंग्रुम उभी होती. तिने ओठ दाबून धरले होते, पण खांदे हलत होते.

“पुन्हा जन्मली म्हणजे सोयर आलंच,” ती म्हणाली, “आता बारसं परत घाला.”

पाक तुकिरान यांचे कान लाल झाले. त्यांनी सगळं सांगितलं. रॅमचा खर्च, दिलेला आकडा, बनवलेला जन्मवार, हिरवा अर्जुन. सांगताना त्यांनी एकदाही बोटं मोजली नाहीत.

“म्हणजे बाबांचा आवाज जातोय,” बू म्हणाल्या.

“तीन खेळांतला बिघडलाय. बाकीचे आज धड आहेत. उद्याचं माहीत नाही.”

“हे मला त्या दिवशी या शब्दांत का नाही सांगितलंत?”

“तासभर सांगत होतो, बू.”

“तासभर फाइल सिस्टिम सांगत होतात. बाबा कुठे होते त्यात?” मग त्यांनी विचारलं, “ती तिसरी खुणा बघते, ओरडते. पण ओरडून नीट कशी करणार? चांगला तुकडा आणणार कुठून?”

“जुळ्या डिस्कवरून. दोन्हीकडे तेच असतं. ज्याची खूण जुळेल तो खरा.”

“आणि दोन्ही गेल्या तर?”

“तिसरी प्रत दुसऱ्या घरी.”

“ती क्लातेनला माझ्या बहिणीकडे आहे. फिती उतरवल्या तेव्हाची डिस्क. तिच्या बाटिकच्या कपाटात, कापूरगोळ्यांत.” बू उठल्या. “आई-बाबांच्या सोयरीकीला काय उरलं होतं, ठाऊक आहे? एक. आजोबांनी तीनदा मांडून पाहिली. त्रेचाळीस वर्षं भांडले दोघं आणि एक दिवस वेगळे राहिले नाहीत. मला बेरीज पटली नव्हती, पाक. थाप मारायला माणूस एवढी मेहनत घेतोय म्हणजे त्याला मनापासून काही हवंय, असं वाटलं म्हणून हो म्हटलं.”

पाक तुकिरान यांना हे ऐकून रागवावं की रडावं कळेना.

रॅम दुसऱ्या दिवशी आली. क्लातेनहून बहीण स्वतः डिस्क घेऊन आली. डिस्कला कापराचा वास आणि खाली पेपरात बांधलेली केळी. त्या प्रतीत तिन्ही खेळ धड निघाले. कोठार रिकामं झालं, मोडलं आणि दोन घरं झाली. एक्सएफएसकडे रोजच्या चित्रीकरणाच्या दोन डिस्क राहिल्या. जागा निम्मी झाल्यामुळे निंग्रुमला आपले जुने पसारे पुसावे लागले, आणि तिने पाक तुकिरान यांचं नाव घेऊन एकेक पुसला. झेडएफएसकडे बाबांचे एकसष्ट खेळ गेले. ती दर रविवारी सगळे वाचून खुणा ताडते, आणि एक चिठ्ठी बूंच्या फोनवर जाते.

जूनमध्ये अंगणात पडदा लागला. अर्जुन सोनेरी होता आणि त्याला दोन्ही हात होते. दलांगबाबांचा आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून खाली उतरला तेव्हा म्हाताऱ्या नातेवाइकांनी बोलणं थांबवलं. बू मागे खुर्चीत बसून ओठ हलवत होत्या, आवाजाच्या अर्धा शब्द आधी.

या सगळ्याआधी, कोठार मोडण्यापूर्वी, बूंनी एक दंड सांगितला होता. मोडलेल्या सोयरीकीचं प्रायश्चित्त सोयरीकवाल्याने घ्यायचं आणि नव्या संसाराचं जेवण त्यानेच घालायचं. झेडएफएस बसली त्या दिवशी पिवळ्या भाताचा शंकू, अख्खी शिजवलेली कोंबडी, उकडलेली अंडी, सगळं सर्व्हरच्या खोलीबाहेर केळीच्या पानांवर मांडलं. निंग्रुमने पहिला घास झेडएफएसच्या नावाने बाजूला काढला आणि मग तोही स्वतः खाल्ला.

“आता हिचा जन्मवार काय म्हणायचा, पाक?” तिने विचारलं.

“मला विचारू नकोस.”

“का? गल्लीत चार मुली लग्नाच्या आहेत. धंदा बंद करणार?”

“माणसांचं मांडतो अजून,” ते म्हणाले. “यंत्रांचं बंद.”

भात आणि अंडी त्यांनी रोखीने आणली. कोंबडी कोपऱ्यावरच्या बू तुमिनींकडून उधार आणली होती. तिचे पंच्याऐंशी हजार रुपिया पाक तुकिरान अजून देणे लागतात.